यादीत सगळ्यांची नावं लिही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, नादारीचा अर्ज (कर्ज फेडणं शक्य नाही म्हणून कोर्टाकडे करायचा तो) करण्याआधी मिरजेचा प्लॉट माझ्या नावावर करतो आणि काकांचे हातउसने तेवढे देऊन टाकतो. यातलं काहीही करू नकोस. कोर्टात लिपिक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. नादारीचे अर्ज मोजकेच यायचे, पण जे अडकले ते अशाच गोष्टींवरून अडकलेले मी पाहिलेत.

अर्जाआधीच्या दोन वर्षांत घरच्यांच्या नावावर फुकट केलेली मालमत्ता कोर्ट परत तुझ्या मालमत्तेत ओढू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप देऊन पैसे फेडले, तर तेही परत मागता येतात. म्हणजे उद्या रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, काकांकडेच वसुलीला जाणार. शिवाय लपवाछपवीला शिक्षा आहे. मला तो प्लॉट नको, तू सुटायला हवास.

२०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्याबद्दल वाचून गोंधळू नकोस. त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. छापखाना तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, कंपनी नाही, म्हणून तो तुला लागू नाही. आपल्याकडे अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा चालतो (मुंबईला १९०९ चा वेगळा), आणि अर्ज आपल्याच जिल्ह्यात करायचा असतो.

आता अर्जासोबतची यादी. देणं ज्याचं आहे त्याचं नाव, पत्ता, रक्कम. बँक, पतसंस्था, क्रेडिट कार्ड हे तू लिहिशीलच. कागदवाला, शाईवाला, प्लेटा करून देणारा, बायंडिंगच्या मावशींची थकलेली मजुरी, हेही लिही. लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीने टिपून ठेवलेले उसने पैसे तर आधी लिही. मित्राचं नाव घालायची लाज वाटते म्हणून गाळलंस, तर त्याचीच फसवणूक होईल. मालमत्ताही अशीच पूर्ण लिही.

मागच्या तीन वर्षांच्या वह्या, बिलं आणि बँकेचे उतारे एकत्र कर. मालमत्ता विकून रुपयाला आठ आणेसुद्धा येत नसतील, तर हे आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी झालं हे तुलाच पटवून द्यावं लागतं. नाहीतर कर्जातून पूर्ण मुक्तता मिळत नाही. तुझी दोन मोठी गिऱ्हाइकं पैसे बुडवून गेली, त्याचे कागद त्या वह्यांतच आहेत.

अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, सूनबाईचं मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही. तुझ्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवरही नाही. ऑफसेट मशीन मात्र बँकेकडे तारण आहे, ते जाईल. दर दसऱ्याला तू त्याला झेंडूचा हार घालायचास, मला ठाऊक आहे तुला काय वाटत असेल. तरी जाऊ दे. मशीन पुन्हा घेता येतं.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं माफ होत नाही, तेव्हा जीएसटीची थकबाकी वकिलांना आधीच सांग. चेक न वटल्याची केसही फौजदारी आहे, ती वेगळी चालते. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले तर वेळ टिपून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली आहे. सूनबाईने तर ते फोन उचलूच नयेत.

आणि सगळ्यात अवघड ते. पतसंस्थेच्या कर्जाला काका जामीन आहेत. तू सुटलास तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेची नोटीस त्यांच्या हातात पडण्याआधी तू स्वतः जाऊन त्यांना सांग. रागावतील, बोलतील, ऐकून घे. त्यांनी तुला शाळेत असल्यापासून पाहिलंय, पण त्यांची पेन्शनही मोठी नाही. हप्त्यांची बोलणी करायला पतसंस्थेत जायचं झालं तर तुम्हा दोघांबरोबर मी येईन. रविवारी सकाळच्या एसटीने मी पोचते. त्याआधी उशांखाली, ड्रॉवरमध्ये कोंबलेल्या सगळ्या नोटिसा एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेव. बाकीचं मी आल्यावर दोघं बसून लिहू.

तुझी,
आई