चौंडकं वाजवणारीलाच बोलाव

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नवं गाणं आल्यापासून ऐकतेय. आधी ओट्यावर मोबाईल ठेवून ऐकलं, मग बाबांचा हेडफोन लावून. तुझा आवाज आता मोकळा लागतोय. गिटार आणि टाळ एकत्र कसे नांदतील अशी मला शंका होती, पण छान जमलंय. दुसरं कडवं संपतं तिथं मात्र मी थांबले. तिथून चौंडकं सुरू होतं, आणि दर आवर्तनाला तोच ठोका, त्याच्या मागोमाग बांगड्यांची तीच किणकिण येते. एक तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडलाय, हो ना? माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर तू फोनवर घेतलेलं तेच रेकॉर्डिंग हे.

बाळा, चौंडकं असं वाजत नाही. काखेत धरलेलं ते लाकडी नळकांडं, त्याच्या चामड्यातून आलेली तार, आणि ती तार ताणत, सैल सोडत छेडणारा हात. त्यामुळे सूर एका जागी उभा राहत नाही, गाणारीच्या गळ्यामागं सरकत राहतो. पद रंगात आलं की लय आपोआप चढते. तुम्ही क्लिक, म्हणजे कानात एकसारखा ठोका, लावून रेकॉर्ड करता, त्यात ही चढण बसत नाही, म्हणून कापाकापी करावी लागली असणार. मग तेवढ्या भागापुरतं क्लिक बंद करा. आपल्या भजनात बुवांनी लय वाढवली की पखवाजवाला त्यांच्या मागं जातो. तुमच्या ड्रमवाल्या मुलालाही ते जमेल, हात चांगला आहे त्याचा.

माझं मागणं एवढंच आहे: तुकडा नको, चौंडकं वाजवणाऱ्या बाईलाच गाण्यात घे. समोर बसव, पद पुरतं म्हणू दे, आणि तिच्या भोवतीनं तुमचं संगीत बांधा.

हे मी हट्टानं सांगतेय, कारण त्या आवाजामागं काय आहे ते तुला ठाऊक असायला हवं. चौंडकं वाजवणाऱ्या जोगतिणी म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायका. देवाला मुली सोडायला बंदी करणारा कायदा कर्नाटकात 1982 साली झाला. त्याआधी सोडलेल्या कितीतरी जणी आज म्हाताऱ्या आहेत, आणि कायद्यानंतरही चोरून हे चालू राहिलं. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन दारात येणाऱ्या बाईला आपण पसाभर तांदूळ घालतो, तिची पदं कुणाकडून आली हे विचारत नाही. कर्नाटकातल्या लोककलावंत मंजम्मा जोगती यांना 2021 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्या कर्नाटकच्या जानपद, म्हणजे लोककला, अकादमीच्या अध्यक्षही झाल्या. जोगतीची कला ही कला आहे, भिक्षा नव्हे, हे सरकारदरबारी तरी कुणी मानलं. तुझ्या गाण्यातही तसंच व्हावं. तिचं नाव तुझ्या नावाच्या शेजारी लाव. पैशाचं आधी बोल, लिहून दे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. चौंडकं वाजवणारी त्यात येत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

कुमार गंधर्व आपल्याच मातीतले, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. 1948 मध्ये देवासला गेले, क्षयानं काही वर्षं गाणं बंद पडलं. त्या काळात कानावर पडणारी माळव्यातली बायकांची गाणी त्यांनी जिवापाड ऐकली, लिहून घेतली, आणि त्या धुनांतून पुढं नवे राग उभे केले. आधी ऐकणं, मग आपलं काही करणं. तुमच्या वयाच्या मुलांना हे ऐकणं नको वाटतं असं मी म्हणणार नाही, तू तर तासन् तास ऐकतेस. पण तासभर ऐकून चार सेकंदं घ्यायची, यानं माझा जीव हळहळतो.

नवं करू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ 1889 मध्ये गेले. मुसलमान घरातला माणूस, गुरू कळसचे गोविंद भट्ट. त्यांची पदं धारवाड-हावेरीकडं एकतारीवर चालत होती, ती आजच्या काळातल्या गायक रघू दीक्षितांनी गिटारवर घेतली आणि परदेशातल्या महोत्सवांपर्यंत नेली. नाव शरीफांचंच राहिलं. खानापुरात बसून मला ते ऐकताना परकं वाटत नाही, कन्नड अर्धंमुर्धंच कळत असलं तरी.

आणि कार्यक्रम ठरवणारे तुला विचारतात ना, गाणं मराठी की कन्नड, एक काहीतरी सांगा? त्यांना सांग, आमच्याकडं हे असंच वाढलंय. तमाशातला कलगी-तुऱ्याचा झगडा इथं कन्नडमध्ये हरदेशी-नागेशी म्हणून रंगतो. तिकडं झीलकरी 'जी जी' करतात, इकडं गीगी पदवाले 'गी गी'. वाद घालणारे घालोत, गाणाऱ्यांनी कधी थांबून विचारलं नाही. गाण्यात तू 'आले'च्या जागी 'आलो' म्हटलंस, तेही बदलू नकोस. बेळगावच्या बायका तसंच बोलतात, मीसुद्धा.

आता कामाचं. आपल्या गल्लीत येणाऱ्या जोगतीणबाईंना मी परवा तुझं गाणं ऐकवलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, आणि म्हणाल्या, तार ढिली आहे. त्यांची यायची तयारी आहे, पण स्टुडिओत नाही, देवळाच्या कट्ट्यावर. मंगळवार-शुक्रवार सोडून कुठलाही दिवस चालेल. दुपारी तिथं गाड्यांचा आवाज नसतो. चांगला माईक घेऊन ये, आणि त्या ड्रमवाल्या मुलालाही आण. जेवायला किती जण ते आधी कळव.

तुझी,
आई