दुसरं पान आणि चौथं पान

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
किचन युनिट विभाग

विषय: तुमच्याच नकाशातल्या दोन पानांचा मेळ नसल्यामुळे चुकीच्या जागी झालेले इलेक्ट्रिक पॉइंट आणि चिमणीचं भोक यांच्या भरपाईबाबत.

महोदय,

माझी तक्रार चार वेळा नोंदवली गेली आणि चारही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला. काय निराकरण झालं ते मला अजून कळलेलं नाही. फोनवर तुमची माणसं तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून आता लिहून पाठवतो आहे. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

कोथरूडमध्ये आमचा जुना फ्लॅट आहे. ओट्याची भिंत ३०५० मिलिमीटर. जुना कडाप्प्याचा ओटा काढून तुमची घरी जोडायची युनिट्स घ्यायची, असं दसऱ्याला ठरवलं. फळ्या, चॅनेल, बिजागऱ्या खोक्यातून येणार आणि जोडणार मी. हे काम मला आवडतं. विजेला मात्र हात लावायचा नाही, ती परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायची, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. कुठे काय येणार याचा नकाशा तुमच्या डिझायनरने दिला. तोही फुकट नाही. पावतीवर ‘डिझाइन व पॉइंट नकाशा’ म्हणून २,५०० रुपये वेगळे लावलेले आहेत.

पहिल्या मांडणीत सिंकनंतर ओव्हन, मग शटरचं कपाट आणि उजव्या टोकाला ड्रॉवर, त्यावर शेगडी अशी होती. शेगडी भिंतीला चिकटत होती, कढईची मूठ भिंतीवर आपटली असती. म्हणून मी बदल सांगितला. डिझायनरने तो लगेच मान्य केला आणि नवीन मांडणी दिली: सिंक ९००, शटरचं कपाट ६००, ड्रॉवर आणि शेगडी ९००, ओव्हन ६००, उरलेल्या ५० मिलिमीटरला फिलर पट्टी. उत्तम मांडणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पाच पानांची फाइल आली, प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘सुधारित ३’ लिहिलेलं. दुसऱ्या पानावर युनिट्स, चौथ्या पानावर इलेक्ट्रिक पॉइंट आणि चिमणीच्या पाइपचं भोक.

चौथं पान सुधारलेलंच नव्हतं. फक्त डोकं नवीन होतं, धड पहिल्या मांडणीचं.

हे आधी कसं लक्षात आलं नाही, असं तुमच्या बाईंनी मला फोनवर विचारलं. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर देतो. स्वयंपाकघराच्या कामात वीज सगळ्यांत आधी आणि युनिट सगळ्यांत शेवटी येतं. झिरी, पाइप, बॉक्स, त्यावर प्लास्टर, त्यावर टाइल, आणि मग कपाटं. पॉइंटची जागा ठरते तेव्हा भिंत उघडी असते, समोर असतो तो फक्त तुमचा कागद. त्या कागदावर कपाटं काढलेलीच नाहीत. रिकामी भिंत, तिच्यावर गोल आणि डाव्या कोपऱ्यापासूनची मापं, बस. दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली असती तर मला कळलं असतं. मी धरली नाहीत, तेवढी चूक माझी. पण ‘सुधारित ३’ हे शब्द मी लिहिलेले नव्हते.

खरं तर पहिली शंका वायरमनला आली. टेप लावता लावता तो म्हणाला, “काका, ओव्हनच्या पॉइंटला यांनी ६ अँपिअर लिहिलंय. हे नक्की ओव्हनचंच ना?” तुमच्याच यादीतला ओव्हन ३००० वॉटचा. २३० व्होल्टला तो १३ अँपिअर खेचतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवला असता तर सॉकेट वितळू शकलं असतं. वायरमनने स्वतःच्या अकलेने डीबीपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून, वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज खेचली की आपोआप पडणारा स्विच) टाकला आणि १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. वायर मी तपकीर गल्लीतून आणली होती, ती अर्धी उरेल असं वाटत होतं, उरली नाही. आकडा त्याने सुधारला, जागा मात्र कागदावरचीच घेतली. जागा त्याला कशी कळणार?

आता काय झालंय ते नीट वाचा. ओव्हनचा पॉइंट ओव्हनच्या मागे घेत नाहीत, शेजारच्या कपाटात घेतात. म्हणजे प्लग हाताला येतो. चौथ्या पानावर तो डाव्या भिंतीपासून १८०० मिलिमीटरवर, फरशीपासून ३०० उंचीवर आहे. पहिल्या मांडणीत तिथे शटरचं कपाट होतं, बरोबर मध्यात. नव्या मांडणीत तिथे ड्रॉवर आहेत. कपाटाची मागची पाटी आणि भिंत यांच्यात ४० मिलिमीटर जागा. १६ अँपिअरचा टॉप, म्हणजे ओव्हनचा प्लग, वायरच्या वळणासकट पट्टी लावून मोजला, ५५ भरला. मागची पाटी कापून प्लग आत घेतला तर सगळ्यांत खालचा ड्रॉवर त्याच्यावर आपटतो आणि दोन बोटं उघडा राहतो. सॉफ्ट क्लोजचे पैसे मोजून घेतलेला ड्रॉवर. रोज संध्याकाळी बायको तो गुडघ्याने ढकलते, तो तितक्याच शांतपणे परत दोन बोटं बाहेर येतो. ओव्हनचा प्लग काढायचा झाला तर आधी ड्रॉवर रिकामा करायचा, मग चॅनेलवरून उतरवायचा, मग पालथं पडून हात घालायचा. म्हणून ओव्हन सध्या बंद आहे.

चिमणीचं त्याहून वाईट. पहिल्या मांडणीत शेगडीचा मध्य २५५० वर होता, आता १९५० वर आहे. चिमणीचा पॉइंट आणि सहा इंची पाइपचं भोक दोन्ही २५५० वर झाले. बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग करून पाडलेलं भोक आहे ते, खिळा काढून दुसरीकडे ठोकावा तसं हलवता येत नाही. ग्रॅनाइटवाल्याने शेगडीचा खाच दुसऱ्या पानाप्रमाणे १९५० वर कापला. थोडक्यात दगड दुसऱ्या पानाप्रमाणे कापला गेला आणि भिंत चौथ्या पानाप्रमाणे. ‘पाइप आडवा फिरवून घ्या’ असं तुमच्याकडून सुचवण्यात आलं. वरची कपाटं छतापर्यंत आहेत, तुम्हीच काढलेली. पाइप आडवा नेला तर तो शेजारच्या कपाटातूनच जाईल, आणि त्या कपाटाचे पैसे मी भरलेत. चिमणी हॉलमध्ये खोक्यात पडून आहे, तिच्यावर आम्ही रद्दी ठेवतो.

जोडणीबद्दल तक्रार नाही, हेही लिहायला हवं. आमची फरशी तीन मीटरमध्ये १४ मिलिमीटर उतरते. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून पाय फिरवले आणि ओटा सरळ बसला. एका शटरला बिजागरीचं भोक मी उलट्या बाजूला पाडलं, ते शटर मी माझ्या पैशाने मागवलं आणि तुम्हाला त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. फक्त भिंतीवरच्या कपाटांसोबत स्क्रू धरायला भिंतीत ठोकण्यासाठी दिलेल्या गट्ट्या कृपा करून बदला. त्या ३० मिलिमीटर लांब आहेत. टाइल ८ आणि प्लास्टर २० धरलं तर विटेत जाते जेमतेम दोन मिलिमीटर. स्टीलच्या ताटांनी भरलेलं कपाट प्लास्टरच्या भरवशावर टांगायचं नसतं. मी बोहरी आळीतून ८० मिलिमीटरचे फास्टनर आणले. ज्याला हे माहीत नाही तो तुमच्याच गट्ट्या ठोकेल आणि कपाट एक दिवस शेगडीवर येईल.

‘सर, हे डीआयवाय प्रॉडक्ट आहे, इन्स्टॉलेशन कस्टमरच्या स्कोपमध्ये येतं’ हे वाक्य मला आता पाठ झालं आहे. जोडणी माझ्याकडे होती हे मान्यच आहे. नकाशा तुमच्याकडे होता, त्याचे पैसे तुम्ही घेतले आणि तो चुकला. तुमच्या सेवेतली ही उणीव माझ्या पान्याच्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या नावावर कशी टाकता येईल? पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केलीत. पुढचं स्वयंपाकघर मी कुठे करणार आहे?

माझी मागणी अशी: नवं भोक पाडणं आणि जुनं बुजवणं ३,८०० रुपये, वायरमनचं दुसऱ्यांदा काम ५,२००, टाइल आणि गवंडी ४,५००, शिवाय नकाशाचे २,५०० परत. एकूण १६,००० रुपये. ड्रॉवर युनिटची मागची पाटी नवी, कारण जुनी मी कापली. आणि दुरुस्त केलेलं चौथं पान, कपाटांच्या रेषांसकट, कोणाच्या तरी सहीने. ते हातात आल्याशिवाय वायरमन पुन्हा भिंतीला कटर लावायला तयार नाही, आणि मी त्याला आग्रहही करणार नाही.

पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुणे जिल्हा आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, त्यामुळे खर्चाच्या भीतीने मी थांबेन असं समजू नका. ग्राहक पंचायत १९७४ साली याच शहरात सुरू झाली. असे कागद घेऊन जायचं कुठे, हे इथे कोणालाही विचारलं तरी सांगतात.

पावतीची प्रत, नकाशाची दोन्ही पानं आणि टेप लावून काढलेले नऊ फोटो सोबत आहेत. पाचव्या फोटोत ड्रॉवरच्या फटीत माझी दोन बोटं दिसतील.

पाहणीला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. त्याच्याकडे टेप आणि चौथं पान असू द्या. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे