लँडिंग गिअर घासण्याआधी खोबण तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला समारंभपूर्वक हवाई दलातून निवृत्त झाली आणि त्यानंतर या विमानाचे प्लास्टिकचे किट आणून घरी जोडण्याची हौस आपल्या मराठवाड्यातही दिसू लागली आहे. आपल्या रविवार पुरवणीने या छंदाची दखल घेतली, हे चांगलेच झाले. मात्र ‘मॉडेल टेबलावर डुगडुगत असेल तर लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकाचा, लांब वाटणारा पाय कानशीने घासून आखूड करावा आणि उरलेली फट झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भरून काढावी’ अशा अर्थाचा जो सल्ला त्या लेखात आहे, तो नवशिक्याचे किट वाया घालवणारा आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या साच्यांचे काम करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मुळात तीन पायांवर उभी असलेली वस्तू डुगडुगत नाही, ती एका अंगाला कलते. मॉडेल खरोखरच हलत असेल तर पायाची लांबी चुकलेली नसून एखादा सांधा सैल राहिलेला असतो आणि तेथे कानस चालवून काहीच साधत नाही. मॉडेल कलत असेल तरीही दोष पायाचा असण्याची शक्यता कमीच, कारण डावा व उजवा पाय बहुधा एकाच साच्यातून एकाच वेळी निघतात व त्यांच्या लांबीत डोळ्यांना दिसेल एवढा फरक सहसा पडत नाही. फरक पडतो तो पायाच्या वरच्या टोकाची खुंटी पंखातील खोबणीत किती खोल बसली यात. साचा जुना झाला की त्याच्या दोन भागांच्या सांध्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, ज्याला आम्ही कारखान्यात फ्लॅश म्हणतो. तो खुंटीवर तसाच राहिला किंवा आधी मारलेला रंग खोबणीत साचला, तर एक पाय पूर्ण खाली बसतो आणि दुसरा अर्धा मिलिमीटर वरच अडकतो.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. १:७२ प्रमाणातील मिग-२१ च्या मागच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे ३७ मिलिमीटर, तर पंखांचा विस्तार सुमारे ९९ मिलिमीटर असतो; म्हणजे चाकापाशी राहिलेला अर्धा मिलिमीटर पंखांच्या टोकांशी जवळजवळ १.३ मिलिमीटर होऊन दिसतो. म्हणूनच गोंद लावण्यापूर्वी खुंटी पात्याने खरवडून आणि खोबण टोकदार सुईने साफ करून, तिन्ही पाय कोरडेच बसवावेत, मॉडेल काचेवर ठेवावे आणि दोन्ही पंखांच्या टोकांची काचेपासूनची उंची पट्टीने मोजावी. या विमानाचे पंख मुळातच टोकांकडे किंचित खाली झुकलेले आहेत; तो झुकाव दोष समजून पंख वर वाकवण्याचा मोह टाळावा. दोन्ही टोकांची उंची सारखी आहे ना, एवढेच पाहायचे. पंखच धडाला वाकडे चिकटलेले असतील तर पायांनी ते दुरुस्त होत नाहीत, आणि ही तपासणी पाय बसवण्याच्या वेळी नव्हे तर पंख जोडतानाच व्हायला हवी होती. खोबण फारच उथळ असेल तर पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) पायाच्या टोकात व पंखात अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडून पितळी तारेचा तुकडा घालावा; मग पाय नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहत नाही.

गोंदाविषयीचा सल्ला तर मला अधिकच खटकला. ज्याला आपण सरसकट फेव्हिक्विक म्हणतो तो सायनोॲक्रिलेट गोंद काही क्षणांत धरतो, त्यामुळे पायाचा कोन सुधारायला सवडच मिळत नाही, आणि आडवा धक्का बसला की तो सांधा तडकतो. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात हे काम बहुधा कूलरसमोर बसून चालते आणि त्या दमट हवेत या गोंदाच्या वाफेचा पांढुरका थर सांध्याभोवती धरतो. किटचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून जोडणारे मॉडेलचे सिमेंट वापरले तर पाय हलवून सरळ करायला थोडा वेळ मिळतो. अट एवढीच की दोन्ही पृष्ठभागांवर रंग नसावा. पुठ्ठ्यात खाचा कापून त्यात पाय अडकवावेत, विमान उलटे ठेवावे आणि रात्रभर त्याला हात लावू नये. चाकांच्या झडपा दुसऱ्या दिवशी. झडपेच्या आधाराने पाय उभा करणे ही पळवाट आहे.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. मिग-२१ चे नाक हवा आत घेण्यासाठी पोकळ असते, त्यामुळे किटमध्ये वजन भरायला जागा थोडीच मिळते: नाकातील शंकूच्या पोटात आणि कॉकपिटच्या तळाखाली. तेथे सायकलच्या बेअरिंगचे छर्रे भरून पक्के केले नाहीत तर मॉडेल शेपटीवर बसते. शिशाचे तुकडे मुलांच्या हाती देऊ नयेत. धडाचे दोन भाग एकदा जोडल्यावर हे वजन घालणे फार कठीण होते आणि मग पुढचा पाय आखूड पडला, असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. आपल्या लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात नाकाचे चाक टेबलापासून वर उचललेले स्पष्ट दिसते आणि खालच्या ओळीत त्याचे कारण ‘पुढील पायाची सदोष जोडणी’ असे दिले आहे. खरे कारण नाकातील वजनाचा अभाव हे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ही दुरुस्ती पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साचे-कारागीर,
छत्रपती संभाजीनगर