साहेबांचा राजीनामा मंजूर करू नका

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई 400 032

विषय : आपल्या अखत्यारीतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा राजीनामा मंजूर न करण्याबाबत व जप्त केलेली सेवापुस्तके परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे एकूण 11 अर्ज आणि दादरच्या सभेत आपण दिलेला शब्द.

महोदय,

मी मुंबईतील एका अनुदानित मराठी शाळेतून गेल्या 30 जूनला निवृत्त झालेली शिक्षिका आहे. 34 वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना मराठी शिकवले. औपचारिक पत्र कसे लिहावे हेही मीच शिकवले. विषय एका ओळीत मांडा, मजकूर मुद्देसूद ठेवा, स्वतःची रडकथा सांगू नका, शेवटी आभार माना. आपणांस लिहावयाचे हे पत्र त्या नियमांत बसवण्याचा मी तीन रात्री प्रयत्न केला. ते बसत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, साहेबांचेही नाही. आपल्याला दोन्ही ठाऊक आहेत, आणि माझे सेवापुस्तक अजून तिथल्याच कपाटात आहे. शिक्षकांच्या नेमणुकांना मागच्या तारखांच्या खोट्या मान्यता पैसे घेऊन दिल्याचा आरोप शिक्षण खात्याच्या त्या कार्यालयावर आहे, आणि त्या चौकशीत आमची खरी सेवापुस्तकेही, म्हणजे ज्यांवरून पेन्शन ठरते ती नोकरीच्या नोंदींची पुस्तके, जप्त झाली आहेत.

गेल्या मंगळवारी मी बाराव्यांदा त्या कार्यालयात गेले. व्हरांड्यात तीन लोखंडी कपाटं ओढून ठेवली होती. कड्यांना दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, कागदाच्या पट्टीवर पंचांच्या सह्या. बाकड्यावर आम्ही सात निवृत्त माणसं बसलो होतो. एक मुख्याध्यापक विरारहून पहाटेच्या गाडीने आले होते. साडेबाराला खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "साहेबांनी काल राजीनामा दिला. सहीचे अधिकार आता कुणालाच नाहीत. चौकशी संपली की या." मी विचारलं, चौकशी कधी संपणार? तो म्हणाला, "ते मंत्रालयाला विचारा, बाई."

म्हणून विचारते आहे.

त्याच संध्याकाळी आपण वाहिन्यांवर होतात. साहेबांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडलं, सरकारने कुणालाही पाठीशी घातलं नाही, आता विरोधकांनी राजकारण थांबवावं, असं आपण सांगितलंत. दुसऱ्या बाजूला विरोधकांनी आपल्याच लढ्यामुळे राजीनामा झाला म्हणून पक्ष कार्यालयासमोर फटाके लावले. अधिवेशनात याच विषयावर दोन दिवस कामकाज बंद पडलं होतं. विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन घोषणा देणारे मी डोळ्यांत तेल घालून पाहिले. एकाही फलकावर आमच्याबद्दल अक्षर नव्हतं. ज्यांची खरी कागदपत्रं त्या खोट्या कागदांबरोबर कुलपात गेली, त्यांचं काय, हे सभागृहात कुणी विचारलं असेल तर मला दाखवा.

महोदय, मी मराठीची शिक्षिका आहे, तेव्हा एक शब्द फोडून सांगते. जबाबदारी या शब्दात जबाब आहे. जबाब म्हणजे उत्तर. पोलीस घेतात तोही जबाबच. जबाबदार म्हणजे जबाब देणारा माणूस. आपल्या साहेबांनी जबाबदारी स्वीकारली आणि जबाब न देता ते घरी गेले. कोणत्या तारखा मागे टाकल्या, कोणाच्या सांगण्यावरून टाकल्या, शिक्के कोणाच्या खणात होते, एका मान्यतेमागे किती पैसे घेतले, यांतलं एकही उत्तर आलेलं नाही. आणि आपण म्हणता, प्रकरण संपलं.

आता नियमाचं बोलते, कारण नियम मला पाठ झाले आहेत. नऊ महिन्यांत दुसरं केलंय काय मी! अधिकाऱ्याचा राजीनामा मंजूर झाला की सरकार आणि तो यांचं मालक-नोकराचं नातं तुटतं. मग विभागीय चौकशी चालवायची कुणावर? फौजदारी खटला चालू शकतो, पण आपल्याकडे खटला कसा चालतो हे मी सांगायला नको. अधिकाऱ्याला निलंबित ठेवलं, चौकशी अधिकाऱ्यासमोर रोज बसवलं, तर तो सेवेत राहतो आणि उत्तर द्यायला बांधील राहतो. म्हणून माझी मागणी लोकांना उलटी वाटेल. सगळे राजीनामा मागत होते. मी म्हणते, तो घेऊ नका. परत पाठवा. त्या माणसाला खुर्चीवरून उठवा, पण दाराबाहेर सोडू नका. कुणी मला सांगितलं, बाई, राजीनाम्याने त्यांची आधीची सगळी सेवा बुडते, पेन्शनही जातं, ही शिक्षा कमी आहे का? हो, नियम तसा आहे. पण ज्या दिवशी मी हे ऐकलं त्या दिवशी माझ्या घरी पेन्शनचा एक रुपया न येता नववा महिना चालू होता, आणि मी राजीनामा दिलेला नाही, कसलाही घोटाळा केलेला नाही.

माझं सेवापुस्तक जप्त आहे, म्हणजे नक्की काय जप्त आहे, ते आपण कधी हातात धरून पाहिलंत का? पहिल्या पानावर माझा 1991 सालचा फोटो आहे, दोन वेण्या वर बांधलेल्या. खाली पाचही बोटांचे ठसे. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर तीळ. पुढे नेमणूक, वैयक्तिक मान्यता, प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, दर वर्षाची वेतनवाढ, रजेचा हिशेब. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या रजा त्यात आहेत. आई गेली त्या आठवड्याची अर्जित रजा आहे. वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे, म्हणजे सरकारनेच पान न् पान तपासून बरोबर म्हटलेलं आहे. 26 जुलै 2005 ची नोंद मात्र नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर कमरेएवढं पाणी होतं. 38 मुलांना घेऊन मी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर रात्रभर बसले होते. प्रयोगशाळेच्या स्टोव्हवर पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या मुलाचे वडील आले तेव्हा माझी स्वतःची धाकटी शेजाऱ्यांकडे होती. त्यासाठी मी कधी काही मागितलं नाही. निवडणुकीची कामं केली, जनगणनेची केली, मे महिन्याच्या उन्हात चाळींचे जिने चढले. मागते ते फक्त पुस्तक.

त्याची झेरॉक्स आहे माझ्याकडे. ती चालत नाही म्हणतात.

आणि हे पुस्तक त्या कपाटात ठेवलंय कुणाशेजारी? ज्यांनी मागच्या तारखांच्या मान्यता विकत घेतल्या असा आरोप आहे, त्यांच्या कागदांशेजारी. गेल्या आठवड्यात जिन्यात एका शेजारणीने हळूच विचारलं, "बाई, तुमचं नाव नाही ना त्या यादीत?" तिने काळजीने विचारलं असेल. मी घरात आले आणि दार लावून बसले. 34 वर्षं ज्या काळाचौकीत मुलं रस्त्यात वाकून नमस्कार करतात, तिथे आता मला सांगावं लागतं की मी खरी शिक्षिका आहे.

राजीनाम्यांवर माझा विश्वास कसा उडाला तेही लिहिते. 1982 च्या जानेवारीत मी नववीत होते. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल लागला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. तारीख 12 जानेवारी होती. माझे वडील गिरणीत साचेवाले. ते तो पेपर घेऊन गच्चीवर बसले आणि चाळीतल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, न्यायालयाने मुख्यमंत्र्याला खाली उतरवलं, आता मालकालाही उतरवील. सहा दिवसांनी, 18 जानेवारीला, कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील. तो संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. गिरणी गेली, वडिलांनी भायखळ्याला केळी विकली, गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज भरला आणि घर न बघता गेले. अंतुले पुढे दिल्लीत केंद्रीय मंत्री झाले.

1982 च्याच डिसेंबरात, 17 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला की निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो माणसाने सेवा करून मिळवलेला हक्क आहे. आपल्या राज्याचे निवृत्तिवेतन नियमही 1982 चेच. मला त्या सालाचं नाव काढलं की आता भीतीच वाटते.

चार वर्षांनी, 1986 मध्ये, जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिलं गेलं आणि 14 रुग्ण दगावले. पुन्हा लेंटिन यांचाच आयोग बसला. अहवाल आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांनी राजीनामा दिला. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात चर्चा झाली ती मंत्री कोण होणार याची. त्या 14 घरांत काय चाललं असेल यावर आम्हीही बोललो नाही, आज त्याची लाज वाटते. आज मी त्या बाजूला उभी आहे म्हणून कळतंय.

आणि चौकशीला वेळ लागतो असं कृपा करून सांगू नका. याच मुंबईत जानेवारी 1958 मध्ये न्यायमूर्ती छागला यांनी उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या प्रकरणाची चौकशी उघडपणे, लोकांसमोर केली. आयुर्विमा महामंडळाचे 1 कोटी 24 लाख रुपये मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले, ते देशाच्या वित्त सचिवाला भर सुनावणीत विचारलं गेलं. फेब्रुवारीत अहवाल आला आणि फेब्रुवारीतच अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. तेव्हा संगणक नव्हता, कॅमेरा नव्हता. राजीनामा उत्तरं मिळाल्यानंतर आला, उत्तरं टाळण्यासाठी नाही. आपण उलट क्रम लावलात.

2005 मध्ये याच राज्याने बदल्यांचा आणि दिरंगाई रोखण्याचा कायदा केला. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे 7 कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलं आहे. विषय त्याच खात्यातला असेल तर 45 दिवसांत निर्णय. माझी पेन्शनची कागदपत्रं निवृत्तीच्या 6 महिने आधी, पेन्शन मंजूर करणाऱ्या महालेखापालांकडे पोहोचायला हवी होती. ती त्या साहेबांच्या टेबलावर 14 महिने होती. 14 महिने! त्यांचे 7 दिवस कुठल्या पंचांगातले? लोक म्हणतात, पाकीट दिलं असतं तर आठवड्यात सही झाली असती. मी दिलं नाही. यजमानांनी दोनदा सुचवलं, मी दोनदा भांडले. डिसेंबरात त्यांची बायपास झाली तेव्हा माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि बहिणीपुढे हात पसरला. त्या दिवसांत रुग्णालयाच्या जिन्यात बसून मी स्वतःलाच विचारलं, तेव्हा पाकीट दिलं असतं तर? महोदय, हा प्रश्न माझ्या मनात आला याची चीड मला आपल्या सगळ्या कारभाराबद्दल आहे. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे. संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेते, वही डोळ्यांजवळ धरून.

दादरला आपण आलात तेव्हा सभा संपल्यावर मी आपल्याला भेटले होते. आपण माझा अर्ज स्वतःच्या हाताने घेतलात, बरोबरच्या अधिकाऱ्याला दिलात आणि महिन्याभरात काम होईल म्हणालात. मला तेव्हा खरंच बरं वाटलं. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. त्याला चार महिने झाले.

आता मागणं सांगते. राजीनामा मंजूर करू नका, चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या अधिकाऱ्याला सेवेतच निलंबित ठेवा. सहीचे अधिकार उद्याच्या उद्या दुसऱ्या अधिकाऱ्याला द्या. त्याला शासन निर्णयाचा एक कागद लागतो, तो आपल्याकडे एका रात्रीत निघतो हे आम्ही पाहिलेलं आहे. ज्या पुस्तकांवर वेतन पडताळणीचा शिक्का आहे ती आधी वेगळी काढा, तपासासाठी सत्यप्रती ठेवून घ्या आणि मूळ पुस्तकं सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करायचा तर तो सरकारने करावा, आम्ही वकील कुठून आणायचे? तोपर्यंत आम्हाला तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू करा, नियमांत त्याची तरतूद आहे. विरारचे मुख्याध्यापक 61 वर्षांचे आहेत. ते माझ्याही आधीपासून येताहेत.

मी सोमवारी 11 वाजता त्याच खिडकीशी येणार आहे. कपाट उघडायला कुणाला पाठवलंत तर सांगते, शोधायला सोपं जावं म्हणून. मधल्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, मी आत ठेवताना पाहिलं होतं. मरून कापडी बांधणी आहे, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत आडनाव. सतरावं पान सुटं झालेलं आहे. जरा सांभाळून उघडायला सांगा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
काळाचौकी, मुंबई