अनोळखी माजी विद्यार्थ्यांचे मनापासून आभार

फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे गणित आणि प्रोग्रामिंग वापरून वित्तबाजारातले प्रश्न सोडवण्याच्या विषयाच्या, मास्टर्ससाठी कुठे जायचं, हे ठरलं ते तुमच्यामुळे. ओळख ना पाळख, तरी लिंक्डइनवरच्या माझ्या चार ओळींना तुम्ही वेळ काढून उत्तरं दिलीत.

एका ताईंनी प्लेसमेंटचा अहवाल कसा वाचायचा ते दाखवलं. सरासरी पगाराला भुलू नकोस, म्हणाल्या. वर्गातल्या किती जणांना काम मिळालं, किती महिन्यांत आणि नेमकं कोणतं, ते बघ. डेरिव्हेटिव्ह्जच्या (शेअरसारख्या दुसऱ्या गोष्टीच्या किमतीवर ज्यांचं मोल ठरतं अशा करारांच्या) डेस्कवर काम करणाऱ्या एका दादांनी तर अख्खी संध्याकाळ दिली. अमेरिकेतल्या विद्यापीठांपैकी बर्कलीचा अभ्यासक्रम बिझनेस स्कूलमध्ये, बरूचचा गणित विभागात, आणि कार्नेगी मेलनचा अनेक विभाग मिळून चालवतात. म्हणून तिथल्या शिकवण्याचा कल वेगळा, हे त्यांनी उलगडून सांगितलं. ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काची) किंमत काढायची आहे की बाजाराचा अंदाज बांधायचा आहे, हे आधी ठरव, मग कॉलेज निवड, हा त्यांचा आग्रह. माझ्या मते सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. मग त्यांनी ऑप्शनची किंमत काढण्याचं ब्लॅक-शोल्सचं समीकरण माझ्याकडून पायरी-पायरीने मांडून घेतलं, आणि सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा आत्ताच सुरू कर, असं बजावलं.

पहिल्याच बोलण्यात नोकरीची शिफारस मागायची नाही, समोरच्याचं रोजचं काम विचारायचं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि ज्यांनी स्वतःच्याच कॉलेजबद्दल ‘तुला हवं ते इथे मिळणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं, त्यांचे विशेष आभार. एवढा प्रामाणिकपणा कोणी अनोळखी माणसासाठी सहसा दाखवत नाही.