एनिस इतिहास-फेरी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आयर्लंडमधील क्लेअर परगण्याचे मुख्य शहर असलेल्या एनिस येथील इतिहास-फेरी येत्या रविवारी सकाळी १० वाजता ओ'कॉनेल स्तंभापासून निघेल. १८२८ च्या पोटनिवडणुकीत आयरिश कॅथलिकांचे नेते डॅनियल ओ'कॉनेल क्लेअरमधून निवडून आले, पण कॅथलिक असल्याने त्यांना ब्रिटिश संसदेत बसता येईना, आणि त्या पेचातूनच १८२९ चा कॅथलिक मुक्ती कायदा झाला. तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठात संत फ्रान्सिस यांची पंचक्षते (क्रूसावरील ख्रिस्ताच्या जखमांसारखे पाच व्रण) दाखविणारी लहानशी दगडी मूर्ती नीट निरखून पाहावी. घाईत ती नजरेतून निसटते. टर्नपाइक रोडवर मात्र आपण अंमळ अधिक रेंगाळू, कारण मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्या आईचे आजोबा एब ग्रेडी इथलेच, आणि २००९ मध्ये अली आले तेव्हा शहराने त्यांना मानद नागरिकत्व दिले. छत्री सोबत ठेवावी.