लोखंडी पुलाखाली एकदा उतरून बघा, साहेब

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सा. न. वि. वि.

मी मावळातला. तीस वर्षं लोखंडाच्या कामात गेली. शेडचे ट्रस, कंपन्यांमधले क्रेनचे गर्डर, गेट, जिने, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, यावरच घर चाललं. इंजिनिअर नाही, पण लोखंड कुठून सडतं ते हाताला माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतो.

15 जून 2025, रविवार. आमच्या मावळातला कुंडमळ्याचा लोखंडी पूल दुपारी इंद्रायणीत कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी झाली. पावसाळ्याची सुरुवात, नदीला पाणी, सुट्टीचा दिवस, त्यामुळे पुलावर शंभराहून जास्त माणसं उभी होती. दुचाकीसुद्धा चढल्या होत्या. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये मंजूर असल्याचंही सरकारकडूनच सांगण्यात आलं. म्हणजे पूल थकलाय हे फलक लावणाऱ्याला माहीत होतं, पैसे मंजूर करणाऱ्याला माहीत होतं, आणि गावाला तर माहीत होतंच. तरीही त्या दुपारी त्यावर चढायला कुणाला अडचण आली नाही. साहेब, माझी रात्रीची झोप उडते ती या एका गोष्टीने.

महिनाभर आमच्याकडे चावडीवर, चहाच्या टपरीवर पुलांचाच विषय होता. मग भातलावणी आली आणि बोलणं थांबलं. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

गावाकडच्या रस्त्यावर ओढ्यावर एक जुना लोखंडी पूल आहे. दुधाची पिकअप, शाळेची बस, खडीचे डंपर सगळं त्यावरून जातं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका पुलाचा नाही. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मी आणि मुलगा हातोडी, वायर ब्रश, टॉर्च घेऊन त्याच्याखाली उतरलो. वरून बघाल तर पूल ठीक वाटतो. कठड्याला काळे-पिवळे पट्टे मारलेले आहेत, आणि लांबून चमकतातही. खाली मात्र वेगळंच चित्र होतं. गर्डरचं, म्हणजे पूल पेलणाऱ्या लोखंडी तुळईचं टोक जिथे दगडी खांबावर टेकतं तिथे वीतभर माती साचलेली, त्या मातीत पिंपळाचं रोप. बेअरिंग, म्हणजे गर्डर आणि खांब यांच्यामधला आधार, दिसतच नव्हतं. खुरप्याने माती काढली तेव्हा कुठे रोलर दिसला, तोही गंजून जागीच बसलेला.

आता यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. लोखंड उन्हात वाढतं. 30 मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत सेंटिमीटरभर तरी लांबतो. ती हालचाल व्हावी म्हणून खाली रोलर असतो. तो अडकला की गर्डर वाढताना खांबाला ढकलतो, आणि आखडताना ओढतो. असं वर्षानुवर्षं चालतं. एका टोपलीभर मातीमुळे.

पुढे बघितलं ते याहून वाईट होतं. रस्त्याचं पाणी बाहेर फेकायला जे पाईप ठेवले होते ते तुंबलेले, म्हणून पाणी सांध्यातून थेट लोखंडावर गळतं. खालच्या गसेट प्लेटच्या, म्हणजे सांध्यावर लोखंडी भाग जोडणाऱ्या प्लेटच्या कोपऱ्यात पाला कुजून चिखल झालेला, आणि एप्रिलमध्येही तो ओला होता. दोन प्लेटांच्या फटीत गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि प्लेटा फाकवतो. तिथे माझ्या करंगळीचं टोक आत जात होतं. नवीन असताना त्या फटीत कागद गेला नसता.

रिव्हेट, म्हणजे प्लेटा जोडणारा ठोकून बसवलेला खिळा, तपासायची आमच्या वस्तादांची एक पद्धत आहे. डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. रिव्हेट घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. ढिलं असेल तर ते बोटाखाली हलतं. मुलाच्या बोटाखाली दोन रिव्हेट हलली. दुसऱ्या वेळी त्याने हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. वरून तेव्हा डंपर चालला होता.

फोटोंसकट अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्यांनी सांगितलं, हा पूल आमच्याकडे वर्ग झालेला नाही. दोन्हीकडची माणसं चांगली बोलली, पोच दिली. पण पूल कुणाच्याच रजिस्टरला सापडला नाही. ज्याच्यावरून रोज शाळेची बस जाते त्या पुलाला मालक नाही, हे ऐकून मी कार्यालयाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिलो.

रेल्वेकडे बघा. तिचे इंग्रजांच्या काळातले कितीतरी लोखंडी पूल आजही गाड्या अंगावर घेतात. पाऊस तोच, लोखंड तसंच. फरक असा की रेल्वेच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो, नोंदवही असते, आणि नियमावलीप्रमाणे दरवर्षी पावसाळा संपल्यावर सहायक अभियंत्याने तो स्वतः जाऊन बघायचा असतो. काय दिसलं ते त्याच्या सहीने वहीत चढतं. रस्त्यावरच्या लोखंडी पुलाला ही शिस्त का लागू नये?

तपासणी म्हणजे नुसता शेरा मात्र नको. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला पडला, सात जीव गेले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती पुरे असं त्यात म्हटलं होतं. म्हणून माझं म्हणणं, तपासणाऱ्याने लोखंडाला हात लावला पाहिजे. गंज खरवडून प्लेटची जाडी मोजली पाहिजे. मूळ 10 मिलिमीटरची प्लेट आज किती उरली, हा आकडा लिहिला पाहिजे. “स्थिती समाधानकारक” या दोन शब्दांवर डंपर सोडू नयेत.

अमेरिकेतही हे रक्त सांडूनच आलं. 15 डिसेंबर 1967 ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, हमरस्त्यावरचा पोलादी पूल, संध्याकाळच्या गर्दीत पडला. 46 माणसं मेली. कारण निघालं एका पट्टीतली सुमारे अडीच मिलिमीटरची भेग. त्यानंतर तिथे देशभर पुलांच्या तपासणीचे नियम आले, साधारण दर दोन वर्षांनी. आणि कुठल्या पुलाची काय अवस्था आहे ती नोंद साधा नागरिकही बघू शकतो.

मला आपल्याकडे तेवढंच हवं आहे. प्रत्येक लोखंडी पुलाच्या तोंडाशी एक पाटी लावा. पूल कुठल्या कार्यालयाचा, कधी बांधला, शेवटची तपासणी आणि शेवटची रंगरंगोटी कधी झाली, किती टनांना परवानगी आहे. रंगरंगोटी म्हणताना माझ्या मनात गंज काढून, लोखंड उघडं करून, प्रायमर देऊन मग चढवलेला रंग आहे. गंजावर फासलेला रंग आतला आजार झाकतो. माती काढणं, पाईप मोकळे करणं याला तर दोन माणसं, एक शिडी आणि दोन दिवस लागतात. त्यासाठी निविदेची वाट का बघावी लागते ते मला अजून समजलेलं नाही.

नवीन बांधायला आपण कमी नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी बस प्रवाशांसकट गेल्या, आणि नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. एवढी ताकद आपल्या खात्यात आहे. तिचा छोटासा वाटा पूल पडायच्या आधी द्या.

आणि पूल धोकादायक ठरला तर त्याच दिवशी दोन्ही तोंडांना चर खणा, खांब गाडा. फलकाने आजवर कुणाला अडवलेलं मी पाहिलं नाही. मला माहीत आहे, पूल बंद झाला की आमचीच माणसं ओरडतील. दूध नासेल, पोरांना लांबून शाळेला जावं लागेल. म्हणून बंद करायच्या आदेशातच पर्यायी रस्ता आणि नव्या पुलाची तारीख हवी. ती नसते, म्हणूनच लोक खांब उपटून टाकतात.

आमच्या पुलाचे फोटो आणि दोन्ही अर्जांच्या पोच सोबत जोडल्या आहेत. एका टोकाच्या बेअरिंगवरची माती आम्ही काढली आहे, दुसऱ्या टोकाला हात पोचला नाही. ढिल्या रिव्हेटांभोवती मुलाने पिवळ्या ऑइलपेंटने गोल केले आहेत, म्हणजे शोधावं लागणार नाही. ओढ्याला पाणी यायच्या आत कुणाला पाठवलंत तर शिडी माझ्याकडे आहे, मी सोबत खाली उतरेन.

आपला नम्र,
मावळातला एक फॅब्रिकेटर